प्रल्हादकाकांचे एकेचाळीस शेरे

प्रल्हादकाका बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, प्रत्येक चुकीला नंबर द्यायचा, ती दुरुस्त होईपर्यंत त्या माणसाच्या मानगुटीवर बसायचं आणि शेवटी समोर ‘क्लोज्ड’ लिहायचं. मागच्या उन्हाळ्यात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या, त्यांच्या कंपनीला टेस्टर नकोसे झाले आणि काका घरी बसले. आता दुसरी नोकरी शोधतील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. काकांनी एका शनिवारच्या जेवणात, हातातली पुरी न सोडता सांगितलं, “मी लिटरेचर शिकणारेय. आणि क्रिएटिव्ह रायटिंग.”

“ऑनलाइन का?” कोणीतरी सांभाळून घेत विचारलं.

“नाही. युनिव्हर्सिटीत जाऊन. बाकावर बसून.”

डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आणि शेवटचा निबंध दहावीतला, त्यामुळे युनिव्हर्सिटीने त्यांना आधी एक वर्ष तयारीचं घालून दिलं. वर्षाच्या शेवटी दहा पानांची एक कथा द्यायची, दोन प्राध्यापक ती वाचणार, बोलावून प्रश्न विचारणार आणि मग डिग्रीला घ्यायचं की नाही ते ठरवणार. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या वीणाकाकूंनीही एकच वर्ष दिलं. “घेतलं तर शीक. नाही घेतलं तर मुकाट्याने सत्यजितला फोन करायचा.” सत्यजित त्यांचा जुना सहकारी, त्याने मे महिन्यापर्यंत आपल्या टीममध्ये एक जागा धरून ठेवली होती.

नोकरी गेल्यापासून सकाळी शाळेत सोडायचं काम काकांकडे आलं. पुढे त्यांची मुलगी स्वानंदी, आणि आम्ही शेजारी म्हणून मागे मी. गाडीत गाणी बंद आणि वर्गाचं रेकॉर्डिंग सुरू. सगळ्यांची परवानगी घेऊन केलेलं, हे ते रोज सांगायचे. त्या वर्गाची रीत अशी की ज्याची कथा असेल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे अकरा जण, तो तिथे नाहीच असं समजून, त्याच्या कथेबद्दल बोलणार.

स्पीकरवर एक मुलगी बोलायची. तिचं प्रत्येक वाक्य शेवटी जिना चढायचं. “सो, मला फादर, लाइक, खूप आवडला? पण तो मला दिसलाच नाही?” मग एक मुलगा, विहिरीतून बोलल्यासारखा. “माझ्यासाठी ती बस म्हणजे. बस नाहीये.” मग लांबून काकांचा खणखणीत खामगावी आवाज. “नोटेड.”

मग वर्ग घेणाऱ्या ब्रॅनन मॅडम, अगदी हळू. “प्रल्हाद. यू आर नॉट हिअर.”

“सॉरी. नोटेड.”

स्वानंदी हुडी डोळ्यांपर्यंत ओढायची. “बाबा, यू कान्ट टॉक. यू आर सपोज्ड टू बी डेड.”

“मेलेल्या माणसाला कळायला नको का, काय दुरुस्त करायचंय ते?”

कथा त्यांच्या वडिलांची होती. वडील खामगावच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि दिवसभर माइकवर गाड्या सांगायचे. बाळापूर, अकोलामार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे, हे काका इतकं हुबेहूब म्हणायचे की सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई वळून बघायची. आणि हाच माणूस घरी आला की गप्प. जेवतानाही भाजी हवी तर वाटी पुढे करायचा. म्हणून कथेतला आठ वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर स्टँडवर जातो, प्रवाशांच्या रांगेत उभा राहतो, आणि नंबर आला की खिडकीत तोंड घालून विचारतो, “अकोला गाडी किती वाजता?” बाप वर न बघता म्हणतो, “पाच वीस.” मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो.

यावर वर्गाने एकेचाळीस शेरे दिले. काकांनी ते शीटमध्ये उतरवले. नंबर, कोण म्हणालं, किती गंभीर, कधी दुरुस्त केलं. नंबर सहा: वडील गप्प का ते सांगा. नंबर सात: वडील गप्प का ते सांगू नका. नंबर बारा: आईने बोलायला हवं. नंबर तेरा: आई बोलत नाही हेच सगळ्यात छान.

“आता या दोघांत क्लायंट कोण?” काका स्टिअरिंगला विचारायचे. “रिक्वायरमेंट कुठेय?” हे त्यांनी ब्रॅनन मॅडमनाही विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, “तो प्रश्न मी तुला विचारते.” काकांनी तेही उतरवलं, पण गंभीर किती ते ठरेना.

शेवटी त्यांनी जे येत होतं ते केलं. सगळं दुरुस्त केलं. चौथ्या पानावर वडील गप्प का ते सांगितलं, भाऊ अपघातात गेला होता म्हणून. पाचव्या पानावर ते खरं नसावं असं लिहिलं. आई एकदा बोलली आणि लगेच पश्चात्ताप पावली. एप्रिलअखेर तेरावी आवृत्ती तयार झाली. एकेचाळीसपैकी एकेचाळीस क्लोज्ड. ती त्यांनी युनिव्हर्सिटीला पाठवून दिली आणि मग वीणाकाकूंना वाचायला दिली.

रविवार होता. मी आणि स्वानंदी डायनिंग टेबलावर केमिस्ट्री करत होतो. काकू शेवटच्या पानापर्यंत आल्या, परत पहिल्या पानावर गेल्या. “अरे, हा माणूस कोण?”

“बाबा.”

“तुझे बाबा? स्टँडवर तुला मिठी मारून रडले? मी सोळा वर्षं सासरे म्हणून बघितलंय त्यांना. आणि ते रांगेचं कुठे गेलं?”

“ते अठ्ठावीस. ‘विश्वास बसत नाही.’ क्लोज्ड.”

“पण ते झालं होतं ना?”

“झालं होतं, पण त्यांना काय माहीत? त्यांचा विश्वास नाही बसला.”

“तुझा बसतो का या रडण्यावर?”

काकांनी शीटवरून खालपर्यंत बोट फिरवलं. “मी चेक नाही केलं,” ते म्हणाले.

मुलाखत बुधवारी सकाळी होती. तिथे काय झालं ते आम्हाला गुरुवारी गाडीत काकांच्या तोंडून कळलं, दोन्ही आवाजांत. ब्रॅनन मॅडमपुढे पहिली आवृत्ती आणि तेरावी, दोन्ही ठेवलेल्या. “प्रल्हाद, यातली तुझी कुठली?”

“लेटेस्ट व्हर्जन इज ऑल्वेज द करेक्ट व्हर्जन, मॅडम.”

“इज इट?”

काका म्हणाले, इथपर्यंत सगळं तयारीप्रमाणे होतं. मग त्यांनी शीट काढली आणि आपल्याच तोंडून ऐकलं, की सहा नको होता. सात पण नको. बारा नको, एकोणीस, म्हणजे ती मिठी, तर अजिबात नको. मॅडम थांबवत नाहीत म्हणून ते वाचत गेले. “शेवटी म्हटलं, मॅडम, मला अठ्ठावीस रीओपन करायचाय. तो मुलगा रांगेतच उभा होता. मी होतो. दुसरं काही सांगता येत नाही मला.”

“मग?” मी विचारलं.

“मग त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत दे.”

“म्हणजे चांगलं का वाईट?”

“काही कळलं नाही बापा.”

सोमवारी त्यांनी पहिली आवृत्तीच थोडी साफसूफ करून दिली. मिठी गेली, भाऊ गेला, आई पुन्हा गप्प झाली. तीन-चार शेरे मात्र राहिले. ते का ठेवले हे त्यांना विचारलं तर म्हणाले, “बरोबर वाटले.” एवढ्या ढोबळ कारणावर त्यांनी बावीस वर्षांत एकही गोष्ट पास केली नव्हती, त्यामुळे पुढचे नऊ दिवस ते ईमेल उघडायचे, बंद करायचे, आणि सत्यजितचा मेसेज आला की फोन पालथा ठेवायचे.

पत्र आलं त्या दुपारी आम्ही शाळेतून परतलो होतो. काकांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि काकूंकडे दिलं. काकूंनी मोठ्याने वाचलं. डिग्रीसाठी प्रवेश दिलेला आहे. अभिनंदन. मुलगा रांगेत उभा राहतो तो प्रसंग दोन्ही परीक्षकांना अजूनही पूर्णपणे पटलेला नाही.

“पटला नाही, मग घेतलं काहून?” काका म्हणाले. घाबरले की ते थेट खामगावला पोचतात. “वीणा, चुकून तर नाही पाठवलं? दुसऱ्या कोणाचं असेल.”

“नाव तुझंच आहे.”

“पण पास कशावर केलं ते लिहायला पाहिजे ना कुठे तरी. मागच्या बाजूला बघ.”

मागची बाजू कोरी होती. काकूंनी काकांचा फोन उचलला, सत्यजितचा नंबर लावला आणि खिडकीपाशी गेल्या. “हां सत्यजित, वीणा बोलतेय. ती जागा दुसऱ्याला देऊन टाक. नाही रे, तब्येत बरी आहे. नापास नाही, पास झालाय, म्हणूनच येत नाहीये. का घेतलं? ते त्यालाही माहीत नाही. थांब, त्यालाच देते.”

काकांनी हात मागे घेतले. “मी काय सांगू त्याला?”

“जे झालं ते सांग,” काकू म्हणाल्या आणि फोन त्यांच्या कानाला लावला.