ओटीपी आला की उठणारा माणूस

माझ्या सरगुंड्यांच्या, म्हणजे आमरसासोबत खायच्या गव्हाच्या वाळवणाच्या, वेबसाइटवर पैसे घेण्याची सोय उन्हाळ्याआधी व्हायलाच हवी होती. पुण्याची गिऱ्हाइकं त्याहून जास्त थांबायला तयार नव्हती. म्हणून अमरावतीहून मी तिसऱ्यांदा अकोल्याच्या त्या संगणकवाल्याकडे गेले.

हा माणूस दोन बोटांनी टंकतो आणि दर ओळीनंतर स्वतःलाच ‘बराबर’ म्हणतो. ओटीपी यायची वेळ झाली की खुर्ची सोडून दाराशी पाठमोरा उभा राहतो. त्या दिवशी बँकखातं जोडताना मी सवयीनं ओटीपीचे आकडे मोठ्यानं वाचले. तो आत आला आणि त्यानं सगळं रद्द केलं.

‘काहून रद्द केलं? माझी बस आहे, अन् तुझ्यावर भरवसा आहे मले.’

‘तोच तं वांधा आहे ताई. आज मले सांगता, उद्या फोनवर कोनालेबी सांगसान. नवीन मागवा अन् मनात वाचा.’

बस चुकली. खातं मात्र जोडलं गेलं. मग तपासणीसाठी त्यानं स्वतःच्या फोनवरून अर्धा किलो सरगुंडे मागवले. मी म्हटलं, ‘पैसे परत करते, पुडा असाच घे.’

‘गिऱ्हाईक आहो मी,’ तो म्हणाला. पत्ता त्यानं बाळापूरचा, आईचा टाकला होता. पुडा मी दुसऱ्याच दिवशी रवाना केला, आणि वजन थोडं वरच धरलं.