कस्टमवाली साजिदा

आमच्या खाडीपट्ट्यातून दुबईला निघालेल्या माणसाची बॅग कधी त्याची एकट्याची नसते. आदल्या संध्याकाळी अर्धा गाव ओटीवर येतो. कुणाच्या लेकाला सोडे, कुणाच्या जावयाला आमसुलं, कुणाला घरचा मसाला. पिशवी शिवलेली, वर नाव लिहिलेलं, आणि देणारीचं ठरलेलं बोलणं, "काय नाय हो, वाईच खायाचं हाय." नेणारा लाजेखातर न उघडता घेतो. उघडली तर देणारीचं तोंड फुगतं.

जमालमामू त्या लाजेपायीच अडकला. शेजारणीने दिलेल्या मसाल्यात खसखस निघाली. आपल्याकडे ती वाटणात चिमूटभर जाते, अमिरातीत तिला बंदी. मामूला विमानतळावरून थेट कोठडी. सुटला, पण नोकरी गेली ती गेलीच. गावी येऊन जाळी विणत बसायचा आणि कुणी काही विचारो न विचारो, "उघडून बघायला पायजे होती" एवढं बोलायचा.

साजिदा मुकादम ही त्याची भाची. लग्न होऊन ती स्वतः दुबईला निघाली तेव्हा ओटीवर सुरी घेऊनच बसली. आली पिशवी की टाका उसव, हात घाल, वास घे, परत शिव.

"मुलखाची संशयी गो तू!" शेजारची चाची बोलली.

"खुशाल बोल चाची. पिशवी इकडं दे."

त्या दिवसापासून गावात तिचं नाव पडलं कस्टमवाली.

आता ती दुबईतल्या अल बर्शात राहते. नवरा यहया एका गोदामात स्टोअरकीपर, लेक सफा शाळेत. स्वभाव तोच. सीलबंद दुधाचाही वास घेते. सफा म्हणते, "मम्मा, यू डोन्ट ट्रस्ट एनीबडी."

"तुझ्या बापावर ठेवलाय ना. तेवढा पुरे."

"कवा ठेवलास?" यहया आतून ओरडतो. "निकाहाआधी माझा पासपोर्ट मागवून घेतलान हिने!"

अशा बाईला नोकरीही तशीच मिळाली. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या कंपनीत ती टेस्टर लागली. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. यहया म्हणाला, "कुंडलीच जुळली."

पण संशयालाही हद्द लागते. आदल्या महिन्यात तिने एक काम "मना हे बरोबर वाटत नाय" म्हणून अडवून धरलं. सगळ्यांनी दिवसभर उकरलं, निघालं काहीच नाही. मॅनेजरने तिला काचेच्या खोलीत बोलावून गोड आवाजात सांगितलं, परत उगाच अडवलंस तर प्रोबेशन तिथेच खलास. प्रोबेशन म्हणजे नोकरी अजून कच्ची. ती गेली असती तर पुढची शोधताना प्रत्येकाने विचारलं असतं, पहिली का सुटली?

आणि नेमकं तेव्हाच हे नवं काम आलं. लेबर कॅम्पातल्या कामगारांसाठी ॲप. माणसाने मोबाइलवरून पासपोर्ट आणि मेडिकलचा कागद चढवायचा, साजिदाच्या कंपनीच्या सर्व्हरने तो तपासून पुढे विमा कंपनीच्या सर्व्हरकडे धाडायचा. विमा कंपनीने चाचणीसाठी आपलं दार उघडायला साफ नकार दिलेला. मग अशा वेळी करतात तेच केलं होतं. बाहेर जाणारी फाइल वाटेतच अडवायची, आणि विमा कंपनीचं सोंग घेतलेल्या एका खोट्या सर्व्हरने उत्तर द्यायचं. ह्याला मॉक म्हणतात. तो लिहिला होता धनंजयने. हा कराडकडचा गडी, टीमचा लीड, जावास्क्रिप्टात हात बसलेला.

सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. एकही लाल नाही. आणि धनंजय कधी नाही तो तिच्यासाठी करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घेऊन आला.

"यल्ला, चला मॅडम, तेवढं मंजूर करून टाका. उद्या कॅम्पात चालू करायचंय."

साजिदाने चहाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. फुकटचा चहा आणि शिवलेली पिशवी, दोन्ही तिला सारखीच.

"वाईच बघते," ती म्हणाली.

तिने मॉक उघडला. आत फार काही नव्हतंच. फाइल आली की म्हणायचं, मिळालं. कसली आली, किती आली, कुणाची आली, काही विचारणं नाही.

"धनंजयसर, हा आत बघतच नाय."

"आवो, खोटा सर्व्हर हाय त्यो. त्याला काय फाइल घरी न्यायची हाय?"

"मंग मिळालं कशाला म्हणतो?"

"कुणीतरी म्हणाय पायजे म्हणून!" बाजूचे हसले.

संशय इथे पक्का झाला. ह्याने मुद्दामच असा आंधळा पावतीवाला बसवलाय की काय? तारीख गाठायची, हिरवं दाखवायचं, आणि मंजुरी कुणाची? साजिदाची. उद्या बोंब झाली की बोट कुणाकडे?

तिने मॉक बदलला. आलेली विनंती उघडायची, तिच्यातून फाइल बाहेर काढायची, नाव ताडून बघायचं, मगच मिळालं म्हणायचं. चालवला. नाव बरोबर. परत हिरवं.

"झालं समाधान?" धनंजय.

झालं नव्हतं. पिशवीवरचं नाव तर मामूच्या वेळीही बरोबरच होतं. तिने आलेल्या फाइलचं वजन, म्हणजे आत किती मजकूर आहे तो आकडा, मागवला. पडद्यावर शून्य आलं.

"सर! रिकामी पोचतेय फाइल!"

आख्खी टीम खुर्च्या सरकवत आली. धनंजयने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आवो मॅडम, ही टेस्टची फाइल हाय. हिला नुसतं नाव दिलंय, पासपोर्ट म्हणून. आत काय घातलंच न्हाई कुणी. शून्य धाडलं, शून्य पोचलं. सर्व्हरनं काय पदरचं घालायचं?"

ह्या वेळचं हसणं मोठं होतं. काचेच्या खोलीतून मॅनेजरने मान वर केली.

"सांगू का त्यास्नी, परत अडलंय म्हणून?" धनंजयने आवाज खाली आणला. "का मंजूर करताय? तुमच्याच भल्याचं बोलतोय."

भल्याचं म्हटल्यावर तर तिचा संशय वाढलाच. तरी प्रोबेशन आठवून तिचं बोट मंजुरीच्या हिरव्या बटणापाशी गेलंही. दाबलं असतं तर सगळेच जेवायला गेले असते. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. रिकाम्या पिशवीला कस्टम लावून काय सापडणार? मसाला वाटेत सांडला तरी कळणार कुणाला? ह्या टेस्ट इतके दिवस रिकामी पिशवी इकडून तिकडे नेत होत्या आणि रिकामीच पोचली म्हणून खूश होत होत्या.

"वाईच थांबा," ती म्हणाली.

तिने टेस्टच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. दुसरं काही सुचेना म्हणून लिहिलं, 'खसखस नाय'. मॉकला सांगितलं, आतला मजकूर हाच आला पाहिजे. आणि चालवली.

लाल.

धाडलं होतं 'खसखस नाय'. पोचलं होतं काहीच नाही.

धनंजयचं हसू अर्ध्यात राहिलं. पण गडी लगेच मानणारा नव्हता. "तुमचा मॉकच खोटं बोलत आसंल. आत्ता तर केलाय त्यो तुमी. उघडताना सांडला आसंल माल."

बोलणं खोटं नव्हतं. संशय घ्यायचा तर स्वतःच्या सुरीवरही घ्यायला हवा. तिने तीच फाइल, कंपनीचा सर्व्हर मध्ये न घेता, सरळ मॉकच्या हातात दिली. 'खसखस नाय', अक्षर न् अक्षर पोचलं. म्हणजे सुरी साफ होती.

"आता बोला," साजिदा म्हणाली. "मधे फक्त तुमचा प्रोग्रॅम उरला."

धनंजय खुर्ची ओढून बसला. ह्या वेळी तो वाचत होता, नुसता बघत नव्हता. थोड्या वेळाने त्याने बोट ठेवलं. नव्या आवृत्तीत फाइल पुढे धाडायच्या आधी तपासायची सोय घातली होती. तपासताना प्रोग्रॅम पोतं पार उपडं करत होता, आणि माल परत न भरता तेच रिकामं पोतं पुढे धाडत होता. वर नाव शाबूत. विमा कंपनी पावती देणार, कॅम्पातल्या माणसाच्या मोबाइलवर 'मिळालं' येणार, तो निर्धास्त कामावर जाणार. आणि विमा झालाच नाही हे कळणार कधी, तर दवाखान्याच्या काउंटरवर.

"तुमाला माहीत होतं?" साजिदाने तोंडावर विचारलं.

"आईशपथ न्हाई, मॅडम. पावती आली म्हंजे माल गेला, एवढंच बघितलं म्या."

तिने ते पुरतं खरं मानलं नाही, पुरतं खोटंही मानलं नाही. "चहा पण हे झाकायलाच होता?"

"चहा... मंजुरीसाठी होता," धनंजय म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचं बोलणं तिला खरं वाटलं.

त्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला. टेस्ट हिरवी झाली. तिने तरी लगेच बटण दाबलं नाही. सफाचा एक मोठा फोटो घातला, मग एक पीडीएफ, मग मुद्दाम एक रिकामी फाइल, ती तरी प्रोग्रॅम नाकारतो का बघायला. सगळं उघडून, ताडून बघितलं. मग मंजुरी दिली. मॅनेजर आला, "गुड कॅच" म्हणाला आणि गेला. अडवल्याबद्दल बोलला नाही, प्रोबेशनबद्दलही नाही. गोड बोलणारा माणूस गप्प झाला की साजिदाला जास्त भीती वाटते. काही दिवस तिने टेबलावरचा स्वतःचा कप रोज घरी नेला, न जाणो उद्या काढूनच टाकलं तर.

मग एका दुपारी ऑफिसकडून मेल आली. अभिनंदन, नोकरी पक्की झाल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. शेजारी धनंजयलाही कळलं होतं. तो म्हणाला, "पेढे काढा आता, मॅडम!"

तेवढ्यात यहयाचा फोन आला. "काय गो, कळलं का काय?"

"मेल आलीय."

"पक्की झाली? मुबारक! सफाला सांगू?"

"वाईच थांब," साजिदा म्हणाली. "जोडलेलं पत्र अजून उघडलं नाय."

पलीकडून यहया हसत राहिला. तिने फोन कानाला तसाच धरला आणि फाइलवर क्लिक केलं. पत्र भरलेलं होतं. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, आपलं नाव बघितलं, खालची सही बघितली.

"सांग तिला," ती म्हणाली.