पानात न राहिलेला घास

आमच्या आळीत अजूनही म्हणतात की माझ्या बायकोची कूसच दुबळी होती. आयुष्यभर मी हे ऐकून घेतलं. ती गेली, आता मीही फार दिवसांचा सोबती नाही. म्हणून खरं काय ते लिहितो.

आमचं घर ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागे. वडील आणि मी दोघेही कचेरीत. भाताची कणगी कधी रिकामी नसे. तरी त्या घरात एक बाई उपाशी होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बायकोचं माहेर पटकीच्या साथीत पुसलं गेलं होतं. माझी थोरली बहीण बाळंतपणात अडून गेलेली. मूल फार मोठं होतं. आईने त्यातून एकच धडा घेतला. "मूल आत वाढवू नये, बाहेर वाढवावं," असं म्हणत ती सुनेला वाढताना हात आखडी. दुष्ट नव्हती ती. वाढताना तिचे डोळे भरून येत.

बायको माझ्या उष्ट्या पानावर जेवायची, तशीच रीत होती. एकदा कचेरीला निघताना माझ्या हाती उपरणं देत ती हळूच म्हणाली, "पानात घासभर भात राहील, असं इकडून करता नाही का यायचं?"

दुसऱ्या दिवशी मी मूठभर भात पानाच्या कडेला सारला. शेजारी वडील जेवत होते. म्हणाले, "काय रावसाहेब, पगार वाढला वाटतं? अन्न टाकवतंय ते."

आई हसली. मीही हसलो, आणि तो भात ताकात कालवून संपवला. दाराआड बांगड्या वाजल्या नि थांबल्या. पुन्हा मी काही ठेवलं नाही, तिनेही मागितलं नाही.

अजून जेवायला बसलो की दाराआड कुणी उभं आहे असं वाटतं. मी वर बघत नाही.

मुलगी झाली. सुईण म्हणाली, "कापसात ठेवा हो आजी. मांजराचं पिल्लूही याहून बरं."

सून अडली नाही म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. मग बाळंतिणीला काही कमी पडू दिलं नाही: तूपभात, खीर, डिंकाचे लाडू. दूध उदंड आलं. ते ओढायचं बळ मुलीत नव्हतं. बारशाआधीच ती गेली.

शेजारणी भेटायला आल्या. "कूसच दुबळी हो हिची," एक म्हणाली. आईने मान हलवली. मी ओटीवर बसून ऐकत होतो.

त्या गेल्यावर आई लाडू घेऊन आत गेली. "खा, पोरी. आता पोटभर खा."

मी दारातून पाहिलं. ती खात होती, एकामागून एक, भिंतीकडे तोंड करून. लुगडं छातीवर दुधाने भिजलं होतं.