भाईंच्या सांगण्यावरून घातलेलं गाऱ्हाणं

काशीराम गावकराला भर देवळात भुतानं झपाटलं, ही बातमी आमच्या वाडीतून निघून रत्नागिरीच्या मच्छीमार्केटात पोचायला एक दुपार पुरली. संध्याकाळपर्यंत त्या भुताला नाव मिळालं, गाव मिळालं, आणि ते खाडीत बुडालेल्या कुठल्याशा खलाशाचं आहे इथवर लोकांचा शोध गेला.

मी काशीरामाचा शेजारी. आमच्या दोघांच्या परड्यांमध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. त्यावरून मी त्याच्या घरात जेवढं लक्ष घालतो तेवढं स्वतःच्या घरात घालत नाही, असं माझी बायको म्हणते. तेव्हा खात्रीचं माझ्याकडून ऐका. भूतबित काही नव्हतं. काशीराम पूर्ण शुद्धीत होता. भूत असतं तर आम्हाला एवढा धक्का बसलाच नसता.

काशीराम एस्टीत कंडक्टर. आवाज असा, की स्टँडवर त्यानं ‘राजापूर, राजापूर’ म्हटलं की राजापुरातली माणसं दचकत असावीत. हा आवाज घराण्यातूनच आलेला, कारण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. गावकर देवापुढं उभा राहून गावाचं मागणं-दुखणं ओळीओळीनं सांगतो आणि प्रत्येक ओळीला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. हात जोडलेले असले आणि सांगणाऱ्याचा सूर खाली उतरला, की तोंडातून आपोआप निघतं. माझ्या तोंडून एकदा बँकेत, मॅनेजर बोलायचा थांबला तेव्हा निघालं होतं. कर्ज नाही मिळालं ते नाहीच.

आता भाई. भाई आमचे माजी आमदार. आमदार होते तेव्हा हा माणूस एस्टीनं फिरायचा. पुढच्या बाजूला ‘विधानसभा सदस्य’ लिहिलेली सीट असते ना, तिथं बसायचा आणि काशीरामाशी गप्पा मारत घरी यायचा. मग निवडणूक हरले, माजी झाले, आणि दारात पांढरी अँबॅसिडर आली! आम्ही तोंडात बोट घातलं. आमदार असताना एस्टी, आणि पडल्यावर गाडी? कळलं ते असं, की मुंबईची एक रसायनांची कंपनी आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, कारखाना काढणार, आणि भाई तिचे ‘सल्लागार’. सल्ला काय देतात ते आम्हाला कळायला पंच्याऐंशी सालची विधानसभेची निवडणूक यावी लागली.

उभे होते दोघं. एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची शिडी. दोघांमध्ये असा वैरभाव, की माझ्या मेव्हण्यानं शिडीपायी भर बाजारात डोकं फोडून घेतलं होतं.

माघात आमच्या देवळाची समाराधना असते, सगळा गाव तिथंच पंगतीला जेवतो. तिच्या आदल्या आठवड्यात भाईंची गाडी काशीरामाच्या दारात थांबली. मी लगेच कळशी घेऊन गडग्यापाशी गेलो. भाजीला पाणी घालायचं होतं. (भाजी तिथं नव्हती, ती गोष्ट वेगळी.)

“काशीराम, यंदाच्या गाऱ्हाण्यात एक ओळ घालायची,” भाई पडवीत बसत म्हणाले. “‘कंपनी आमच्या गावात येऊ दे, पोरांना कामं मिळू दे.’ बस. गाव व्हय म्हणतो. छत्रीवाला, शिडीवाला दोघंही तिथं असणार, तेही म्हणतात. उद्या कोण बोंबलला तर सांगता येतं, गावानंच देवापुढं मागून घेतलंय.”

“आणि ती घाण पाण्याची, खाडीत सोडायची पाईप?”

“ती ओळीत कशाला घालतोस?”

“उमेदवार काय म्हणतायत पाईपीला?”

भाई हसले. “काय म्हणतील? दोघांच्या जीपा माझ्याच अंगणातून सुटतात. दोघांना सांगून ठेवलंय, एकमेकांचा बाप काढा, आजा काढा, खाडी काढू नका. कोणीही निवडून येवो, आपलाच.”

माझी कळशी माझ्याच पायावर पडली. दोघांच्या जीपा एका अंगणातून? मग माझ्या मेव्हण्याचं डोकं नेमकं कशापायी फुटलं?

पण खरा धक्का पुढंच होता. काशीराम म्हणाला, “बरं. घालतो.”

आतल्या दारात त्याची बायको, जनीवहिनी, उभी होती. ओहोटी लागली की ही बाई कोयती घेऊन खाडीच्या खडकांवर जाते आणि शिंपल्यातली कालवं फोडून आणते. तिच्या आईनंही तेच केलं. कंडक्टरच्या पगारावर घर चाललं असेल, पण दोन मुली कॉलेजात गेल्या त्या कालवांवर. खाडीत रसायन उतरलं तर पहिली मरणार ती कालवं, हे भाईंनाही ठाऊक होतं. निवडून येत होते तेव्हा भाईंनी याच पडवीत बसून तिच्या हातची कालवांची आमटी ओरपलेली मी पाहिलीय.

त्यानंतर काशीरामाच्या घरात बोलणं बंद. मी गडग्यावरून विचारलं, “वहिनी, आज कालवं नाहीत?”

“सवय करतंय, भावोजी, नसल्याची,” ती म्हणाली. “तुमच्या मित्रानं देवाकडं तेच मागायचं ठरवलंन.”

काशीराम ऐकून न ऐकल्यासारखा सायकल पुसत बसला.

समाराधनेला देऊळ गच्च. पुढं भाई, त्यांच्या उजव्या हाताला छत्री, डाव्या हाताला शिडी. हात जोडलेले, डोळे मिटलेले. काशीरामानं नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या भाईंनी मला सांगितलंन, देवाकडं कंपनी माग!”

“व्हय म्हाराजा!” यात भाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

“तर ती मी मागतंय, म्हाराजा. पण तुझ्यापासून काय लपवू नये. त्या कंपनीचं घाण पाणी आमच्या खाडीत येणार हाय!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर एकमेकांकडं बघायला लागला.

“ही गोष्ट दोन्ही उमेदवारांना ठाऊक हाय!”

“व्हय म्हाराजा!” छत्री आणि शिडी एका सुरात म्हणाली. मग दोघांचे डोळे उघडले.

“भाईंनी दोघांना सांगितलंन, खाडीचं नाव काढू नका, आणि दोघांनी मान डोलवली!”

गावाचा ‘व्हय’ असा उठला की घंटा हलल्यागत वाटली. भाईंच्या तोंडून जन्माच्या सवयीनं ‘व्हय’ निघून गेलं होतं, फक्त ‘म्हाराजा’ त्यांनी गिळलं. चेहरा असा, की पानात वाढलेल्या भातात खडा लागावा.

“तर म्हाराजा, जो कोण निवडून येईल त्याच्या हातून ती पाईप अडव. आणि आज तुझ्यापुढं व्हय म्हणून जो उद्या नाय म्हणेल, त्याचं काय करायचं ते तू बघ!”

गाव म्हणाला, पण या वेळी सगळ्यांचे डोळे त्या दोघांवर. छत्रीनं शिडीकडं बघितलं, शिडीनं छत्रीकडं. दुसरा म्हणाला आणि आपण राहिलो तर ही सगळी मतं गेली, हे दोघांना एकदमच सुचलं असावं. “व्हय म्हाराजा,” दोघं म्हणाले. त्या निवडणुकीत त्यांचं एकमत झालं ते एवढंच. त्यानंतर भाईंकडं न बघता दोघं जेवायला बसले. मी मात्र तोंड उघडं टाकून उभाच. पहिली पंगत चुकली माझी.

संध्याकाळच्या सभेत छत्रीवाल्यानं पाईप अडवायचं वचन दिलं. मग शिडीवाल्यालाही द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँबॅसिडर पुन्हा काशीरामाच्या दारात, आणि मी कळशीसकट गडग्यापाशी.

भाई बसलेसुद्धा नाहीत. “बाजारात म्हणतायत तुला झपाटलं होतं. तू फक्त हो म्हण, काशीराम. झपाटलेल्याचं गाऱ्हाणं देव धरत नाही, म्हणजे त्यावरचं ‘व्हय’ही कोणाला बांधत नाही. ते दोघं सुटले, तूही सुटलास. नाही म्हणालास, तर गावाची बैठक लावतो आणि तुझा मान तुझ्या चुलतभावाला देतो. पंगतीत भात वाढतात, तितक्या सहज देईन. बघ.”

सात पिढ्यांचा मान. दारात जनीवहिनी कोयती हातात धरून उभी होती, ओहोटीची वेळ झाली होती. बऱ्याच दिवसांनी ती नवऱ्याकडं बघत होती.

काशीरामानं कंडक्टरची टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, “भाई, आमदार होतात तेव्हा माझ्याशेजारी बसून स्वतःच्या तोंडानं बोलत घरी यायचात. आता कंपनीच्या गाडीतनं उतरता आणि दुसऱ्याच्या तोंडानं बोलता. भुताचा उतारा कोणावरनं काढायचा, ते तुमीच सांगा.”