इवायांचं गरम पाणी

माझ्या व्याह्यांकडे दुरुस्तीला गेलेलं एकही यंत्र आजवर बिघडलेल्या अवस्थेत परत आलेलं नाही. जी दुरुस्त झाली नाहीत ती परत आलेलीच नाहीत, ती मेहकरला त्यांच्या माळ्यावर आहेत. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला हा माणूस निवृत्तीनंतर यंत्रांकडे वळला, कारण ती तास संपायच्या आत उठून जात नाहीत. यंत्रांशी ते अदबीने बोलतात आणि माणसांशी जमेल तसं. पंखा थांबला तर पंख्याला विचारतात, "काय झालं महाराज?" आणि तो बसवणाऱ्याला, "काय करून ठेवलं बे?" निदान करायचं ते कानाने. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. काम झाल्यावर दोन-चार स्क्रू उरतातच. 'कंपन्या भीतीपोटी जास्तीचे लावतात,' असं त्यांचं मत आहे. माझं घड्याळ त्यांनी दुरुस्त केल्यापासून रोज वीस मिनिटं मागे पडतं. तक्रार केली तर म्हणाले, "तुम्हाले कुठं जायची घाई आहे, इवाई?" व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात.

माझी मुलगी बाळंतपणासाठी देऊळगाव राजाला आमच्याकडे आली. नात जन्मली तेव्हाच इवायांनी जाहीर करून टाकलं की ती मेहकरला येईल ते थंडीचे दिवस असतील, आणि आजोबांच्या घरातली तिची पहिली अंघोळ गॅसच्या गिझरच्या पाण्याने होणार नाही. मग त्यांनी हीट पंप आणला. माणसाएवढं उंच पांढरं पिंप, डोक्यावर पंखा. हवेतली ऊब ओढून तो पाण्यात घालतो आणि गार हवा बाहेर सोडतो, म्हणजे उलटा चालणारा फ्रीज. हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला चहा पाजून समजावलं. "मेहकरात पह्यला आहे, पह्यला!" हेही सांगितलं. दुसरा कोणी दावेदार पुढे आला नाही.

यंत्राच्या पूजेला आम्हालाही बोलावणं होतं. पिंपावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ फुटला, आणि सगळ्यांच्या हातांत पिवळ्या रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता आल्या. तेवढ्यात इवायांनी पंख्यावरची जाळी काढून बाजूला ठेवली. "पत्र्यावर टाकून काय फायदा? पोटात गेल्या पाहिजेत!" माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी सर्वांना सांगितलं आणि एक मूठ टाकली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "इवाई, तुमचा इवाई अडचणीत आहे. या." रविवारी नात येणार, तो दिवस शुक्रवार. यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकत होता, पाणी गार होतं आणि पिंपाखाली थारोळं साचलं होतं. कंपनीचा माणूस मंगळवारी येणार होता. मी पोचलो तेव्हा इवाई पिंपाला स्क्रू ड्रायव्हर लावून, डोळे मिटून उभे होते.

"तीन दिवस झाले, डॉक्टरावानी तपासून राह्यले," विहीणबाई मला म्हणाल्या. "आता त्याले जीभ दाखव म्हनाचं तेवढं बाकी आहे. मी हंडा काढते. चुलीवर तापवू पानी."

"माह्या नातीची पह्यली अंघोळ हंड्याच्या पाण्यानं?" इवाई डोळे न उघडता म्हणाले. "मंग साऱ्या गल्लीले चहा काऊन पाजला?"

व्होल्टेज तपासून झालं होतं. बटणं दाबून झाली होती. टाकीच फुटली असावी, असं मी म्हणालो. इवाई खाली बसले, थारोळ्यात बोट बुडवलं आणि चाटलं. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. इवायांचा चेहरा मात्र उजळला. "टाकी नाही फुटली! आपलं बोरचं पाणी खारं. हे गोडं आहे. हे हवेतलं पाणी आहे, इवाई!" आत गार नळ्यांवर हवेतली वाफ धरते, तिचे थेंब खालच्या ताटलीत पडतात आणि एका बारीक नळीने बाहेर जातात. ती नळी तुंबली होती, म्हणून ताटली भरून वाहत होती आणि यंत्राने काम थांबवलं होतं. त्यांनी ती सोडवली, एक टोक तोंडात धरलं आणि गाल फुगवून फुंकलं. फरशीवर ज्वारी पडली. पिवळी, फुगलेली, मोड आलेली.

"पेरा चांगला साधला," विहीणबाई म्हणाल्या.

इवायांनी नळी परत बसवली, पडद्यावरचा आकडा गेला आणि पंखा फिरू लागला, तेव्हा त्यांनी हात पुसले आणि कंपनीला फोन लावला. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बोलावं तसं स्वच्छ बोलले, "आपल्या यंत्रात काही दोष नाही. दोष माझ्या अक्षतांचा आहे. आपला माणूस पाठवू नका." मी सत्कार पाहिलेत, शाली पाहिल्यात, स्वतःच्या थोरवीवर तासभर बोललेली माणसं ऐकली आहेत. आपलं चुकलं हे सांगायला स्वतःहून फोन करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझा इवाई आहे याचा मला फार अभिमान वाटला. एक मूठ माझीही होती, हे मी कबूल केलं. ते म्हणाले, "तुमची मूठ लहान होती."

रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेर ते इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. नात रडली नाही. "वाफेचं पाणी कसं होते, हे मी जन्मभर फळ्यावर काढून दाखवलं," ते हळूच म्हणाले, "कोणाच्या कामी आलं का नाही, कधी समजलंच नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

नातीच्या अंघोळीला अर्धी बादली पाणी लागलं. टाकी दोनशे लिटरची आहे.