फौजीच्या नंबरवरून

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्गातल्या एकाही मैत्रिणीला नाही. एका माणसाला कळलं, पण मी सांगितलं म्हणून नव्हे. आणि आता लिहायला बसले ती आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकामुळे. मराठीच्या सरांनी मला वर्गात उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्याकडून वेगळं काहीतरी हवंय. गावातलं जीवन, गावातल्या बातम्या, एका सैनिकाच्या पत्नीला काय वाटतं ते. चार पानं लिहा."

मतं माझ्याकडे भरपूर आहेत. अडचण एवढीच की ती मी गावापुढे आधीच मांडून बसलेय — दुसऱ्याच्या नावानं.

थांबा, नीट सांगते.

माझ्या माहेरी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. बारावीनंतर माझं लग्न झालं. सासर पाथर्डीच्या बाजूला, कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. मिस्टर सैन्यात आहेत. त्यांनीच सासूबाईंना समजावून माझं नाव तालुक्याच्या कॉलेजात घातलं. आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गावात मला नाव नाही. मी 'फौजीची बायको' आहे. किराणा दुकानात, दवाखान्यात, एसटीत, सगळीकडे. आणि फौजीच्या बायकोला गाव काय विचारतं? दोनच गोष्टी. एक, फौजी कधी येणार. दुसरी, "वहिनी, नगरला कॅन्टीनला कधी चाललाय? एक ट्रॉली बॅग बघा ना. आन् जमलं तर ते... तुमाला कळलं ना?" कळलं. दर वेळी कळतं. ज्यांच्या बायका मला सकाळी हळदीकुंकवाला बोलावतात त्यांनाच संध्याकाळी सैन्याच्या कॅन्टीनमधली दारूची बाटली हवी असते, आणि ती आणली नाही की मी शिकून शहाणी झालेली असते.

मागे सीमेवर तणाव वाढला होता तेव्हाची गोष्ट. सहा दिवस मिस्टरांचा फोन नव्हता. गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात त्या सहा दिवसांत लोकांनी जेवढी युद्धं जिंकली तेवढी कुणी जिंकली नसतील. घुसून मारा, नकाशातून पुसा. हे लिहिणाऱ्यांतले दोघे तर असे की आमचा बांध फोडून त्यांनी आमच्या रानात नांगर घातलाय. शेवटी एक बातमीवाला मुलगा माईक घेऊन दारात आला. माझे हात पिठात. "ताई, अभिमान वाटतो का?" मी काय म्हणणार होते? वाटतो म्हणाले. तेवढंच दाखवलं त्यानं. मागे सासूबाई देवापुढे बसून रडत होत्या, ते कापलं.

मला हे सगळं बोलायचं असायचं. पण कुठे बोलणार? एसटी थांब्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याला दिवा नाही. आम्ही कॉलेजच्या पाच मुली अंधारात चालत येतो. हे मी महिला ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. ग्रामसेवकांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं — 'चर्चा झाली.' नंतर माझ्या नंबरवरून ग्रुपवरही टाकलं. खाली कुणीतरी फुलांचं सुप्रभात टाकलं. बस.

आता ते नंबरचं.

मिस्टरांची बदली जम्मूकडे झाली. इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून ते तिकडे दुसरा नंबर वापरतात. जुना नंबर त्यांनी घरच्या जुन्या फोनमध्ये टाकून ठेवला, बँकेचे निरोप येतात म्हणून. तो फोन माझ्या कपाटात. आणि गावाच्या ग्रुपमध्ये तोच जुना नंबर, नवा नाही — नावापुढे तिरंगा, फोटो वर्दीतला.

पहिल्यांदा चुकून झालं, असं मी स्वतःला खूप दिवस सांगत होते. दिव्याच्या खांबाचा फोटो त्या फोनमध्ये होता, म्हणून तिथूनच टाकला... नाही. फोटो मी मुद्दाम त्या फोननं काढला होता. खाली लिहिलं, 'आम्ही इथे देशाच्या मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून उभे आहोत. आपल्या गावच्या मुली अंधारातून चालतात.' मी लिहिलं ते. 'आम्ही' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. ग्रामसेवकांनी दिव्याखाली उभं राहून फोटो टाकला — 'फौजी साहेबांच्या सूचनेनुसार.'

चीड आली होती. खूप चीड आली होती. तीच गोष्ट, तेच शब्द, फक्त तोंड दुसरं. पण खरं सांगू? चिडीपेक्षा मजा जास्त आली. मग मी थांबलेच नाही. शाळेच्या संडासाबद्दल लिहिलं, बाजारच्या दिवशी रस्त्यात लावलेल्या टेम्पोंबद्दल लिहिलं. सगळे 'जय हिंद साहेब' म्हणायचे. ड्युटीवरच्या माणसाला फोन करून खात्री कोण करणार? चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "फौजी लांब हाय, पर ध्यान सगळं गावात हाय." मी दुधाची किटली घेऊन शेजारून जायचे आणि ऐकायचे. पाच-सहा महिने असे गेले.

इथपर्यंत वाचून कदाचित तुम्ही हसाल, बरं केलं म्हणाल. म्हणूनच इथवर मला लिहायला सोपं गेलं. पुढचं सोपं नाही.

आमच्या अंगणवाडीत कमळमावशी मदतनीस होती. पंचावन्नच्या आसपास वय, एकटी बाई, सगळा जन्म त्या एका खोलीत पोरांची नाकं पुसण्यात गेलेला. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी कॉलेजातून येत होते. कमळमावशी अंगणवाडीच्या मागच्या बाजूनं निघाली. पदराखाली पोषण आहाराची पाकिटं. चार-पाच तरी होती. मला बघून तिनं पदर ओढून घेतला. तशीच पुढे गेली. मी तिला विचारायला हवं होतं. तोंडावर विचारायला काय झालं होतं? पण मला आता विचारायची सवयच राहिली नव्हती. घरी आले, कपाट उघडलं आणि लिहिलं. 'लेकरांच्या तोंडचा घास पदराखाली कुठे जातो, याची चौकशी व्हावी.' नाव लिहिलं नाही. पण गावाला नाव लागतं का?

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या आया अंगणवाडीच्या दारात भांडायला. तालुक्याच्या कचेरीतून मॅडम येऊन गेल्या, आठवड्यानं परत येते, जबाब घेते म्हणाल्या.

त्या आठवड्यातच मी गावाबाहेरच्या वस्तीवर गेले. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांची माहिती भरायची होती. शेवटच्या घरात एक म्हातारी, तिचे गुडघे निकामी, आणि दोन नातवंडं, दोन्ही तीन वर्षांच्या आतली. त्यांच्या आया उसाच्या फडावर. आणि फळीवर ती पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पेनानं पोराचं नाव लिहिलेलं.

म्हातारी स्वतःहून सांगत होती, "कमळी आनून द्यायची. आईनंच येऊन फोटू काढून न्यावं असा नियम हाय म्हनं. आता आई तिकडं फडात, आन् मला चालवत न्हाई. मंग ती गुपचूप आनायची. आता बंद झालं. त्या फौजीनं काय तरी लिवलं म्हनं."

मी फॉर्म भरला. अंगठा घेतला. घरी आले.

मॅडम यायला अजून तीन दिवस होते. तीन दिवस कमी असतात का? मी फोन काढला, 'माझी माहिती चुकीची होती' एवढं लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मला स्वतःला पटवायचं होतं की जम्मूत बसलेल्या माणसाला वस्तीवरच्या फळीवर काय आहे ते कसं कळेल, लोकांना संशय येईल. पण पदराखालचं कळलं तेव्हा कुणाला संशय आला होता? 'घरून कळलं' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. किंवा मी स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं असतं. माझ्या तोंडानं, माझ्या नावानं. तेवढंही नको होतं मला. कारण वेगळंच होतं. फौजी एकदा 'चुकलं' म्हणाला की पुढच्या वेळी त्याचं कोण ऐकणार, ही भीती होती. मला तो नंबर टिकवायचा होता. कमळमावशीपेक्षा मला नंबर जास्त हवा होता. हे असं आहे.

मॅडम आल्या. पाकिटं बाहेर नेली हे कमळमावशीनं कबूल केलं, खोटं बोलणं तिला जमलं नाही. म्हातारीचं नावही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, नियम तो नियम. तिला कामावरून कमी केलं. ग्रुपवर फौजीचं अभिनंदन झालं. मी 'धन्यवाद' लिहिलं. हो, तेही लिहिलं.

जानेवारीत मिस्टर सुट्टीवर आले. फौजी आला की सगळं गाव भेटायला येतं, पण सगळ्यांच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळीच कमळमावशी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. सासूबाई बस म्हणाल्या तरी बसली नाही. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ती बोलत होती. आवाज चढलेला नव्हता.

"बाबा, तुला या हातानं सुकडी चारली मी. तुझी आई रोजानं जायची, तू दिवसभर माज्याकडं असायचा. लिवायच्या आधी मला एक फोन केला असतास तर? मी सांगितलं असतं ना सगळं."

मिस्टरांना काही कळेना. "काय लिहिलं मी, मावशी?" असं म्हणत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ट्रे होता. मी नजर पेल्यांवर वळवली. जुना फोन माझ्या कपाटात असतो, हे त्यांना आठवलं असणार. मग ते उठले, उंबऱ्यापाशी गेले, खाली वाकून तिच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "चुकलं माझं, मावशी."

आणि मी ते म्हणू दिलं. एक शब्द बोलले असते तर... नाही बोलले. चहा गार होईल, असं काहीतरी म्हणाले. बहुतेक असंच म्हणाले.

मावशी गेल्यावर त्यांनी कपाटातला फोन मागून घेतला. सगळं वाचलं, पहिल्यापासून. दिव्याच्या मेसेजपाशी थांबले. "हे चांगलं लिहिलंयस," म्हणाले. मला वाटलं आता ओरडतील, पण ओरडले नाहीत. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, "मी तिला सांगणार न्हाई. ते तुझं काम हाय." आणि गेले. फोनवर ते अजून विचारत नाहीत. मीही विषय काढत नाही. त्या नंबरवरून ग्रुपवर लिहिणं मी बंद केलं. गाव म्हणतं, फौजीला काहीतरी गोपनीय ड्युटी लागलीय.

परवा आमच्या रानात कांद्याची लागवड होती. बायका रोजानं आल्या, त्यांत कमळमावशी. तिच्या त्या हातांना ओल्या चिखलाची सवय नव्हती, बोटं फाटली होती. मी पाण्याची घागर घेऊन बांधावर गेले. बाकीच्या पुढच्या वाफ्यात होत्या, आम्ही दोघीच होतो. ती ओंजळीनं पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं.

"फोन येतो का गं त्याचा?"

"येतो, मावशी."

"त्याला सांग, मी मनात काय ठेवलं न्हाई. लांबचा मानूस, त्याला कुनी काय बी सांगतं, त्याचा काय दोष? तो पाया पडला तवाच मी सोडून दिलं."

मी म्हणाले, "सांगते."

ती पुन्हा रोपं लावायला वाकली. मी घागर उचलली आणि घरी आले.