झाडलेला घाट

चैत्र सरता सरता करंजाला फुलोरा यायचा आणि पहाटेच्या वाऱ्यावर त्याचा किंचित कडवट गंध पंचगंगेच्या पाण्यावरून तरंगत आमच्या भोईवाड्यात उतरायचा. नव्वद सालाच्या सुमारास त्या गंधात दुसराच वास मिसळू लागला; नासलेल्या गुळासारखा गोडसर, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा. वरच्या अंगाच्या साखर कारखान्याचे मळीचे पाणी ओढ्याने नदीत येत होते. माझी शाळा दुसरीतच सुटली, पुढची भाषा देवळातल्या पोथ्यांनी शिकवली. पण तो वास ओळखायला पोथीसुद्धा लागली नाही.

पाणी आधी तांबूस, मग काळे होई आणि एखाद्या सकाळी मरळ, वाम, बोटाएवढी पिल्ले, सगळी पांढरी पोटे आभाळाकडे करून पायऱ्यांना लागत. जाळ्यावाचून आलेल्या त्या माशाला आम्ही कधी हात लावला नाही. वाड्यातल्या पोरांनी फौंड्रीची वाट धरली, माझ्या थोरल्यानेही. मी जाळे विकले नाही. नदी माझी आहे, कारखान्याची नाही, एवढे एकच मला कळत होते.

प्रदूषणाच्या कचेरीत किती खेपा घातल्या, ते माझ्या वहाणांना विचारा. तिथला तरुण साहेब भला होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणायचा. एका उन्हाळ्यात मासे पुन्हा वर आले, तेव्हा मी तडक एसटीने कोल्हापूर गाठले आणि तो म्हणाला, उद्या येतो. शेवटच्या गाडीने जाणाऱ्या एका गाववाल्याबरोबर मी निरोप धाडला, की सरकारचा साहेब आपल्या घाटावर येतोय, आणि स्वतः बहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये साहेबाशेजारी बसून मी गावात शिरलो, तेव्हा छाती कशी फुगली होती, काय सांगू!

घाटापाशी उतरलो आणि पाय जागीच थबकले. पायऱ्या धुऊन काढल्या होत्या. वर सडा, सड्यावर रांगोळी, आणि झेंडूचा हार घेऊन सरपंच उभे. मासा एकही नव्हता. कारखान्यालाही कुणकुण लागली असावी. ओढा कोरडा पडला होता आणि नदी नुसती मळकट दिसत होती. वाहते पाणी साक्षीला थांबत नाही. मासे तेवढे थांबले होते, आणि आता तेही उचललेले.

“कुठं गेलं मासं?” मी ओरडलो.

“पुरलं की, करंजाखाली,” सरपंच हसत म्हणाले. “पावण्याला काय घाण दावायची व्हय, आबा?”

मी करंजाकडे धावलो, गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी माती उकरली. वरून फुले गळत होती, खालून तो वास येत होता. मासे धोतराच्या सोग्यात भरून साहेबापुढे ओतले, रांगोळी विस्कटली. सरपंच म्हणाले, “येड लागलं काय म्हाताऱ्याला!” साहेबाने नाकाला रुमाल लावला, पण तोंड फिरवले नाही.

“आजोबा, पुरलेले मासे कुठल्या पाण्यात मेले, हे मी कसं लिहू?”

“मग मी खोटं बोलतोय व्हय?”

“तुम्ही खरंच बोलताय. पण मला इथं जे दिसलं, तेच लिहावं लागतं.”

त्याने त्या मळकट पाण्याची बाटली भरून घेतली. जीप गेली. धुरळा बसला तेव्हा माझी म्हातारी बायको केरसुणी घेऊन उभी दिसली, चेहरा उतरलेला.

“अवं, सरकारचा मानूस तुमच्या शब्दावर आला. तुमच्या आब्रूसाठी झाडलं की वो सगळ्यांनी.”

पाहुण्यासमोर घर झाडून ठेवावे, हे तिला माझ्याच आईने शिकवले होते.

त्या बाटलीतून काही निघाले नाही. पुढे कायदे कडक झाले म्हणतात. कारखान्याच्या फाटकावर मोठा फलक लागला, आणि पाणी येते तसेच येते. म्हातारी गेली. करंज मात्र दर उन्हाळ्याला फुलतो, वेड्यासारखा फुलतो, त्या खड्ड्यावर दाट सावली धरून. मी पायरीवर जाळे पसरून बसतो. पोरे हसतात, हसोत.

परवा एक नवा साहेब बाटली भरायला आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, “आजोबा, घाट अगदी स्वच्छ ठेवलाय हो तुम्ही.”

या पायऱ्यांना केरसुणी लागून वर्षे लोटली. मरायला मासाच उरलेला नाही. हे त्याला सांगावे असे ओठांशी आले होते. पण त्याला दिसले ते तो लिहीत होता, आणि मी जाळ्यावर पडलेली करंजाची फुले एकेक करून वेचत राहिलो.